उंच, थंड डोंगराचा रोजचा हवामान अंदाज कसा वाचायचा: नवख्यांसाठी पायरी पायरीने

माझ्या पहिल्या मोठ्या ट्रेकच्या आदल्या रात्री मी मोबाइलवर अंदाज पाहिला. कमाल ९ अंश, किमान १ अंश, अंशतः ढगाळ, वारा ताशी १० किलोमीटर. थंडी आहे, पण सोसण्यासारखी आहे, असं म्हणून जाड हातमोजे सॅकच्या तळाशी कोंबले आणि पातळ लोकरी हातमोजे घालून पहाटे निघालो. खिंडीत पोहोचलो तेव्हा बुटाची नाडी सुटलेली होती आणि ती बांधायला बोटं वाकत नव्हती. सोबतच्याने खाली बसून माझी नाडी बांधली. अंदाज चुकला नव्हता. तो २१०० मीटरवरच्या गावाचा होता आणि मी ४२०० मीटरवर उभा होतो.

तेव्हापासून मी डोंगरात असताना रोज संध्याकाळी वही घेऊन बसतो आणि अंदाजातला प्रत्येक आकडा आपल्या उंचीवर, आपल्या वेळेवर आणि आपल्या वाटेवर आणून लिहितो. वीस मिनिटं लागतात. अंदाज तयार करणारे लोक त्यांचं काम बहुतेक वेळा चोख करतात. राहिलेलं अर्धं काम आपलं असतं आणि नवखी माणसं तिथेच फसतात. ते कसं करायचं, ते माझ्या क्रमाने सांगतो.

१. हा अंदाज कोणत्या उंचीचा आहे, ते आधी शोधा

तापमान, पाऊस, वारा काहीही वाचण्याआधी पानावर उंची कुठे लिहिली आहे ते बघा. डोंगरांसाठी खास बनवलेल्या अंदाजांत पायथा, मधला टप्पा आणि माथा अशा वेगवेगळ्या उंचींचे आकडे दिलेले असतात. साध्या अॅपमध्ये शिखराचं नाव टाकलं, तर बऱ्याचदा जवळच्या गावाचा अंदाज समोर येतो आणि वर नाव मात्र शिखराचं दिसतं.

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. संगणकावर चालणारं हवामानाचं प्रारूप पृथ्वीची चौकटींत विभागणी करतं. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राच्या जागतिक प्रारूपात दोन बिंदूंमधलं अंतर साधारण ९ किलोमीटर असतं, तर अमेरिकेच्या जीएफएस प्रारूपात साधारण १३. डोंगरात ९ किलोमीटरच्या टप्प्यात एक नदी, दोन सोंडा, एक हिमनदी आणि दीड-दोन हजार मीटरचा चढ सहज मावतो. प्रारूपाला मात्र त्या सगळ्याची एकच सरासरी उंची दिसते. त्यामुळे त्याच्यातला डोंगर खऱ्यापेक्षा बुटका आणि गुळगुळीत असतो, दऱ्याही उथळ असतात. चांगले अंदाज हा फरक काही प्रमाणात दुरुस्त करून देतात, पण सगळेच तसं करत नाहीत.

वहीत सर्वांत वर दोन आकडे लिहा: अंदाजाची उंची आणि उद्याच्या वाटेवरची सर्वाधिक उंची. पुढचं सगळं गणित या दोन आकड्यांतल्या फरकावर चालतं.

२. वेळ तपासा

अंदाज कधी निघाला आणि त्यातले तास कोणत्या प्रमाणवेळेचे आहेत, एवढंच बघायचं. मोठी प्रारूपं दिवसाला चार वेळा चालतात: यूटीसी म्हणजे जागतिक समन्वित वेळेच्या ०, ६, १२ आणि १८ वाजता. बरेच तक्ते याच वेळेत छापलेले असतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे, नेपाळची ५ तास ४५ मिनिटं. तक्त्यात दुपारी १२ ला वारा वाढेल असं दिसलं आणि ती यूटीसी असली, तर हिमालयात वारा प्रत्यक्षात संध्याकाळी वाढणार.

नेटवर्क नसलं की फोन जुनाच अंदाज दाखवत राहतो, हेही लक्षात असू द्या. पानावर ताजेपणाची तारीख-वेळ दिसत नसेल तर तो अंदाज जुना धरा.

३. आकड्यांच्या आधी परिच्छेद वाचा

चांगल्या पर्वतीय अंदाजात सुरुवातीला चार-सहा ओळी असतात: कमी दाबाचं क्षेत्र कुठे आहे, कुठून कुठे सरकतंय, दमट हवा कोणत्या दिशेने येतेय. नवखा माणूस त्या ओळी सोडून थेट सूर्य-ढगांच्या चित्रांकडे जातो. मी उलट सांगेन. वेळ कमी असेल तर चित्रं सोडा आणि त्या ओळी वाचा, कारण एका जागेचे आकडे हुकले तरी मोठं चित्र बहुधा बरोबर निघतं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये काय झालं ते बघा. १२ तारखेला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचा उरलेला भाग उत्तरेकडे सरकला आणि १४ तारखेला नेपाळच्या अन्नपूर्णा भागात, थोरोंग ला या ५४१६ मीटर उंचीच्या खिंडीत आणि आजूबाजूला प्रचंड बर्फ पडला. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत स्थिर हवेचा काळ मानला जातो, म्हणून वाटा माणसांनी भरलेल्या होत्या. त्या बर्फात आणि हिमस्खलनांत ४० हून अधिक माणसं गेली. बंगालच्या उपसागरातलं वादळ हजार किलोमीटरहून दूरच्या खिंडीपर्यंत पोहोचायला दोन दिवस लागले होते. आकाश निळं असताना ही बातमी देऊ शकणारी जागा एकच, ती म्हणजे हा परिच्छेद.

म्हणून वहीत एक वाक्य लिहायची सवय लावा: उद्या हवा कुठून येतेय आणि सोबत ओल आणतेय की नाही. हिमालयात हिवाळ्यात 'पश्चिमी विक्षोभ' म्हणजे पश्चिमेकडून ओल घेऊन येणारं कमी दाबाचं क्षेत्र, हा शब्द दिसला की त्याखाली रेघ मारा. आल्प्समध्ये 'फोन' वारा असं लिहिलेलं दिसेल. हा डोंगर ओलांडून खाली उतरताना तापलेला कोरडा वारा असतो. तो खोऱ्यात ऊब आणतो, माथ्यावर मात्र झोडपून काढतो.

४. तापमान आपल्या उंचीवर आणा

उंची वाढते तसं तापमान घटतं, सरासरी दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश. हवा कोरडी आणि चांगली ढवळलेली असेल तर ही घट १० अंशांच्या जवळ जाते, ढगात किंवा बर्फ पडत असताना ती कमी असते. नवख्याने साडेसहाच धरावं आणि आलेल्या उत्तरातून आणखी दोन-तीन अंश वजा करावेत. चूक झालीच तर अंगावर एक कपडा जास्त होईल.

माझ्या खिंडीचं गणित मांडतो. गाव २१०० मीटरवर, कमाल ९ अंश. खिंड २१०० मीटर आणखी वर. २.१ गुणिले ६.५ म्हणजे पावणेचौदा. ९ मधून तेवढे गेले की राहिले उणे पावणेपाच, आणि तेही दुपारी दोनच्या सुमाराचे. मी खिंडीत होतो सकाळी आठला. रात्रभर आकाश निरभ्र होतं. अशा रात्री जमीन आणि बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतात आणि त्यांच्या लगतची हवा फार गार होते. तेव्हा उणे ८ धरणंच योग्य होतं.

याहून भरवशाचा आकडा म्हणजे शून्य अंशाची पातळी. पर्वतीय अंदाजात 'फ्रीझिंग लेव्हल' म्हणून ती मीटरमध्ये दिलेली असते. मोकळ्या हवेत ज्या उंचीवर तापमान शून्य होतं ती ही पातळी. तुम्ही तिच्या किती वर जाणार ते मोजा आणि त्यावरून उणे तापमान काढा. ३४०० मीटर पातळी असेल तर ४२०० वर साधारण उणे ५. गावाच्या कमाल-किमानात जमिनीचे, सावलीचे, गल्ल्यांचे परिणाम मिसळलेले असतात, यात ते नसतात. ही पातळी दिवसागणिक कशी हलतेय तेही बघा. आज ३४०० आणि परवा २५०० असेल, तर थंड हवेचा मोठा लोंढा येतोय, मग चित्रात सूर्य का असेना.

एक अपवाद सगळ्यांना गोंधळात टाकतो. शांत, निरभ्र रात्री थंड जड हवा उतारावरून ओघळून दरीच्या तळाशी साचते. मग तळाला दाट धुकं आणि कडाक्याची थंडी, आणि तीनशे मीटर वर चढलं की हवा उबदार. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. तंबू नदीकाठच्या सपाटीवर लावायचा की थोडा वर उतारावरच्या सपाट टप्प्यावर, हे ठरवताना मला याचा फार उपयोग होतो. सपाटी मोहात पाडते, पण पहाटे तिथल्या तंबूवर आतून-बाहेरून दहिवर गोठलेलं असतं.

५. वारा: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

थंडीला कपडे आहेत. वाऱ्याला फार थोडे उपाय आहेत. माझ्या अनुभवात मागे फिरावं लागलं ते दहापैकी सात वेळा वाऱ्यामुळे, म्हणून या एका पायरीवर मी वहीचं अर्धं पान खर्च करतो.

आधी एकक बघा. ताशी किलोमीटर, सेकंदाला मीटर, नॉट, काहीही असू शकतं. सेकंदाला मीटर असेल तर ३.६ ने गुणा, नॉट असतील तर १.८५ ने. '२०' वाचून निश्चिंत झालेला माणूस खरं तर सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात निघालेला असतो.

मग सरासरी आणि झोत वेगळे करा. अंदाजातला वारा हा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, काही मिनिटांच्या सरासरीचा असतो. माणसाला पाडतो तो झोत, इंग्रजीत ज्याला गस्ट म्हणतात तो. त्याचा आकडा बहुधा शेजारच्या रकान्यात असतो. वारा ३० आणि झोत ७० असं लिहिलेलं असेल तर धारेवरून चालताना ७० लक्षात ठेवा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, जोर चौपट. ताशी ६०-७० च्या पुढे अरुंद धारेवर सरळ चालणं अवघड होतं आणि पाठीवरची मोठी सॅक शिडासारखी वागते. उंचावर हवा विरळ असते, ४२०० मीटरवर तिची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असते, म्हणून जोर थोडा कमी बसतो हे खरं. पण तिथे अंगातली ताकदही कमी झालेली असते, तेव्हा मी ही सवलत हिशेबात धरत नाही.

आता वारा आपल्या वाटेवर आणा. डोंगर वाऱ्याला अडवतो, आणि अडवलेला वारा जिथून वाट मिळेल तिथून जोरात घुसतो. खिंड म्हणजे दोन शिखरांमधलं नरसाळं. धारेवरून वारा चढून जाताना दाबला जातो आणि वेग घेतो. प्रारूपाच्या बुटक्या डोंगरात हे नरसाळं नसतं, त्यामुळे खिंडीतला वारा अंदाजापेक्षा जास्त निघतो हे गृहीतच धरा. नकाशा उघडा, वाऱ्याची दिशा पेन्सिलने काढा आणि वाटेचा कोणता भाग वाऱ्याच्या तोंडावर आहे, कोणता आडोशाला, ते बघा. पश्चिमेचा वारा आणि पूर्वेकडून चढणारी वाट असेल तर खिंडीच्या शेवटच्या पन्नास पावलांपर्यंत सगळं शांत वाटतं. जाड कपडे चढवायची जागा त्या पन्नास पावलांच्या अलीकडे आहे. माथ्यावर पोहोचून सॅक उघडली की पहिला हातमोजा हातातून उडून जातो.

फक्त उंचीवरून वाऱ्याचा अंदाज बांधू नका. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनची उंची फक्त १९१७ मीटर आहे. तिथल्या वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला, आणि पुढची सहा दशकं तो जगातला विक्रम राहिला.

थोडी सवय झाली की दाबपातळीचे नकाशे बघायला शिका, त्यात मोकळ्या हवेतला वारा थेट दिसतो. वर जाऊ तसा हवेचा दाब घटतो, म्हणून या नकाशांत उंचीऐवजी दाब लिहिलेला असतो, हेक्टोपास्कल या एककात: ८५० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १५०० मीटर, ७०० म्हणजे ३०००, ६०० म्हणजे ४२००, ५०० म्हणजे साडेपाच हजार. माझ्या खिंडीसाठी ६०० चा नकाशा उघडला असता तर गावातल्या ताशी १० किलोमीटरऐवजी ४० दिसले असते. एव्हरेस्टसारख्या शिखरांवर माणसं मे महिन्यात जातात त्याचं कारणही अशाच नकाशात दिसतं. वर्षाचा बराच काळ जेट प्रवाह, म्हणजे फार उंचावरून वाहणारा अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, त्या उंचीवरून वाहतो, आणि मे महिन्यात तो उत्तरेकडे सरकला की काही दिवस वारा पडतो.

शेवटी वारा आणि थंडी एकत्र करा. उघड्या त्वचेला किती थंडी जाणवेल याचं एक सूत्र अमेरिका आणि कॅनडाने २००१ पासून वापरात आणलं आहे. अंदाजात 'विंड चिल' किंवा 'जाणवणारं तापमान' म्हणून बहुधा तेच दिलेलं असतं. उणे १० तापमान आणि ३० किलोमीटर वारा मिळून उणे २० जाणवतं. उणे १५ आणि ४० मिळून उणे २७. जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि गालांची उंच हाडं आधी पांढरी पडतात, आणि ज्याची पडतात त्याला ते कळत नाही. म्हणून अशा दिवशी आम्ही दर दहा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघतो.

माझ्या खिंडीत उणे ८ आणि वारा ४०, म्हणजे जाणवणारी थंडी उणे १८. गावाचा अंदाज अधिक ९ होता. हा २७ अंशांचा फरक वहीतल्या चार ओळींत सापडला असता.

६. बर्फ पडणार, की पाऊस?

अंदाजात पडणारं पाणी मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, बर्फ असला तरी. ढोबळ नियम असा, की १ मिलिमीटर पाण्याचा साधारण १ सेंटिमीटर बर्फ होतो. फार थंडीत भुरभुरीत बर्फ पडतो तेव्हा दीड-दोन सेंटिमीटरही होतो. '६ मिमी' वाचून हलकी सर मनात आणू नका. वर ती घोट्यापर्यंतची पावडर असते आणि तिच्याखाली वाट दिसत नाही.

पाऊस कुठे संपून बर्फ कुठे सुरू होतो? शून्य अंशाच्या पातळीच्या साधारण २०० ते ३०० मीटर खाली, कारण पडणाऱ्या बर्फाच्या पाकळ्यांना वितळायला तेवढं अंतर लागतं. पाऊस जोराचा आणि खोरं अरुंद असेल तर वितळण्यात हवेची उष्णता खर्च होते आणि ही रेघ आणखी खाली येते. तुमचा मुक्काम या रेघेच्या आसपास असेल तर तो सर्वांत वाईट दिवस समजा. शून्याच्या जवळचा पाऊस आणि ओला बर्फ माणसाला आतपर्यंत भिजवतो, आणि भिजलेला माणूस उणे १० च्या कोरड्या थंडीपेक्षा लवकर गारठतो. अशा दिवसासाठी मी जलरोधक हातमोज्यांची दुसरी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो.

शक्यतेच्या टक्क्यांचा अर्थही नीट समजून घ्या. ४० टक्के म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस असा अर्थ नाही. हवेची अशीच स्थिती दहादा आली तर त्या ठिकाणी चारदा पाऊस किंवा बर्फ पडेल, एवढंच त्यातून कळतं. किती पडेल आणि किती वेळ, ते मिलिमीटरच्या रकान्यात बघायचं.

ढगांचा तळ किती उंचीवर असेल ते दिलं असेल तर तेही लिहून घ्या. तळ ३८०० आणि खिंड ४२०० असेल तर शेवटचे ४०० मीटर ढगातून जायचे आहेत. खाली बर्फ, वर ढग, सगळं पांढरं, क्षितिज नाही, उतार कुठे सुरू होतो तेही कळत नाही. अशा वेळी एखाद्याने बर्फाचा गोळा करून पुढे टाकला की तो कुठे थांबतो त्यावरून जमीन कळते, इतकी वाईट अवस्था असते. जीपीएसवर वाट आधीच उतरवून घेतलेली नसेल तर त्या दिवशी निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. गडगडाट

ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, ढग माजतात आणि दुपारनंतर फुटतात. म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत अंदाजात 'दुपारी गडगडाटी ढग' असं असेल तर पहाटे निघा आणि दुपारच्या आत धारेवरून खाली या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी गेले, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा धार, शिखर, एकटं झाड आणि उथळ गुहेचं तोंड सोडा, माणसांमाणसांत अंतर ठेवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

८. या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा

अंदाज केंद्रं प्रारूप एकदाच चालवत नाहीत. सुरुवातीच्या मोजमापांत बारीक बदल करून ते अनेकदा चालवतात. युरोपीय केंद्रात असे पन्नास वेगवेगळे धागे सोडले जातात. सगळे एकाच दिशेने गेले तर भरवसा जास्त. तिसऱ्या दिवशी ते पिंजारल्यासारखे पसरले असतील तर तिसऱ्या दिवसाचा कोणताही नेमका आकडा खरा मानू नका. अॅपवर हे धागे दिसत नसतील तर साधा उपाय आहे: दोन वेगळ्या प्रारूपांचे अंदाज शेजारी ठेवा, आणि कालचा अंदाज आजच्याशी ताडून बघा. परवाचा बर्फ काल ५ मिमी होता, आज २० झाला, उद्या ८ झाला, तर वातावरण अजून ठरलेलं नाही असं समजा.

मी स्वतः उद्याचा आणि परवाचा दिवस तासांच्या हिशेबात वाचतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत फक्त कल बघतो, आणि त्यापुढचं सुट्टी मागण्यापुरतं.

९. हिमस्खलनाची सूचना वेगळी असते

हवामानाचा अंदाज चांगला आहे म्हणून उतार सुरक्षित आहे, असं होत नाही. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं तेव्हा अनेक अपघात होतात. जिथे हिमस्खलनाची सूचना निघते तिथे ती स्वतंत्र वाचा. तिच्यात धोक्याच्या १ ते ५ अशा पायऱ्या असतात. ३ हा आकडा मधला दिसतो म्हणून माणसं निर्धास्त होतात, पण ३ म्हणजे लक्षणीय धोका आणि बरेच जीव याच पायरीवर जातात. सूचना निघत नसेल तर निदान एवढं पाळा: दिवसभरात ३० सेंटिमीटर नवा बर्फ, सोबत जोराचा वारा किंवा अचानक वाढलेलं तापमान, यांतलं काही दिसलं तर ३० ते ४५ अंशांचे उतार आणि त्यांच्या खालच्या घळी टाळा. हे शिकायला वर्ग घ्यावा लागतो, लेख पुरत नाही.

१०. सगळं तासांवर मांडा

आता वहीत एक ओळ काढा आणि तिच्यावर उद्याचे तास लिहा. प्रत्येक तासाखाली तुम्ही कुठे असाल, त्या उंचीवर किती तापमान, किती झोत, ढग कुठे. दिवस 'चांगला' किंवा 'वाईट' असा फार क्वचित असतो. सकाळी सहा ते अकरा चांगला, पुढे बिघडणारा, असाच बहुधा असतो. मग प्रश्न राहतो की अकरापर्यंत खिंड ओलांडून आडोशाला पोहोचता येईल का. येत असेल तर किती वाजता निघायचं, आणि किती वाजेपर्यंत खिंड आली नाही तर परत फिरायचं. परतीची वेळ संध्याकाळी, तंबूत, उबेत बसून लिहा आणि सोबतच्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. शिखर समोर दिसायला लागल्यावर ती ठरवता येत नाही.

ऊन सांगितलं असेल तर गॉगलही यादीत घाला. दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. पातळ ढगातही डोळे भाजतात.

११. वर गेल्यावर, नेटवर्क नसताना

अंदाज जुना होत जातो आणि मग आकाश वाचावं लागतं. त्याच्या जोडीला मनगटावरचं उंचीमापक घड्याळ फार कामाला येतं. ते हवेच्या दाबावरून उंची काढतं. मुक्काम हलला नसताना ते उंची वाढलेली दाखवत असेल, तर दाब कमी झालाय.

एका मुक्कामी रात्री झोपताना घड्याळाने ४०१० मीटर दाखवलं होतं. पहाटे चारला तंबूतून हात बाहेर काढून पाहिलं तर ४०५५. त्या उंचीवर साधारण १२ मीटरला एक हेक्टोपास्कल पडतो, म्हणजे दाब साधारण पावणेचारने घसरला होता. दहा-पंधरा मीटरचा रोजचा चढउतार मी सोडून देतो, पंचेचाळीस सोडता येत नाही. आकाश चांदण्यांनी भरलेलं होतं. दोन दिवसांपूर्वी उतरवलेल्या अंदाजात बर्फ संध्याकाळी यायचा होता. सहाला उजाडलं तेव्हा समोरच्या शिखरावर भिंगाच्या आकाराचा एक गुळगुळीत ढग बसला होता, कडा धारदार, जागचा न हलणारा. असा ढग म्हणजे वरून जोराचा वारा वाहतोय. सातला सूर्याभोवती खळं पडलं. दूरच्या सोंडेवरून बर्फाची धूळ झेंड्यासारखी उडताना दिसत होती. आम्ही निघालो नाही. साडेदहाला बर्फ सुरू झाला, दुपारपर्यंत शेजारचा तंबू दिसेनासा झाला.

दिवसा वारा दरीतून वर आणि रात्री वरून खाली वाहणं हा डोंगराचा नेहमीचा श्वास आहे. निरभ्र हवेत तो थांबला किंवा उलटला, तर मोठा वारा त्याच्यावर बसलाय असं समजा आणि मग घड्याळ तासातासाला बघा.

१२. वहीचं उजवं पान

डाव्या पानावर संध्याकाळी अंदाज लिहिता, तेव्हा उजवं पान कोरं सोडा. दुसऱ्या दिवशी तिथे प्रत्यक्षात काय झालं ते लिहा: खिंडीत किती वाजता पोहोचलो, वारा किती वाटला, बर्फ कधी सुरू झाला, पाण्याची बाटली गोठली का. माझ्या जुन्या वहीत एका खिंडीसमोर चार वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी आहेत. चारही वेळा झोत अंदाजापेक्षा वीसेक किलोमीटरने जास्त आणि ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी आले. आता तिथे जाणारा कोणी विचारायला आला, तर अंदाज उघडण्याआधी मी ते पान उघडतो.